मोठा ओपन सोर्स प्रकल्प सोर्समधून बिल्ड करताना अडलात तर

बिल्ड (सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचं काम) पडला की टर्मिनलवर शेवटी जी ओळ दिसते, ती जवळजवळ कधीच कारण सांगत नाही. ‘मेक: *** एरर २’ याचा अर्थ इतकाच, की आतल्या कुठल्यातरी पायरीने हात टेकले आणि मेकने (बिल्डच्या पायऱ्या क्रमाने चालवणारं साधन) ती बातमी वर पोचवली. बरेच जण हीच ओळ उचलून शोधत बसतात, चार ठिकाणचे चार उपाय एकामागोमाग करून बघतात आणि संध्याकाळपर्यंत मूळ अडचण तशीच राहून मशीनवर नव्या तीन अडचणी तयार होतात. म्हणून आधी बिल्ड कोणत्या टप्प्यावर अडलाय ते ठरवा: सोर्स उतरवताना, कॉन्फिगर करताना (लागणारं सगळं मशीनवर आहे का ते तपासताना), कंपाइल होताना, लिंक होताना (तयार तुकडे आणि लायब्ररी जोडताना), की दोष मशीनचाच आहे. टप्पा कळला की करून बघण्यासारखे उपाय दोन-तीनच उरतात.

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडे साधारण जे असतं तेच इथे गृहीत धरलंय: आठ किंवा सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप, विंडोजशेजारी उबुंटू किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स), आणि हॉस्टेलचं वाय-फाय. एलएलव्हीएम (कंपायलरचा संच), क्यूईएमयू (आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम), लिनक्स कर्नल, पोस्टग्रेस (डेटाबेस) हे सगळे अशा मशीनवर बिल्ड होतात. अँड्रॉइडचा संपूर्ण सोर्स होत नाही. त्यासाठी गूगल ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी जागा सांगतं, तेव्हा लॅपटॉपवर त्या वाटेला जाऊ नका. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करा.

पहिली एरर शोधा

मेक -जे८ चालवलं की आठ कामं एकाच वेळी चालू असतात. त्यातलं एक पडलं तरी बाकीची सात आपापलं काम संपवूनच थांबतात आणि तोवर त्यांचा मजकूर स्क्रीनवर येत राहतो. त्यामुळे खरी एरर दोन-तीनशे ओळी वर गाडली गेलेली असते. पहिल्यापासूनच सगळा मजकूर फाइलमध्ये ठेवायची सवय लावा:

एलसी_ऑल=सी मेक -जे४ २>&१ | टी बिल्ड.लॉग

ग्रेप -एन -एम१ 'एरर:' बिल्ड.लॉग

पहिल्या कमांडमधल्या एलसी_ऑल=सी मुळे मेसेज मूळ इंग्रजीतच येतात, म्हणजे शोधायला सोपे. दुसरी कमांड पहिल्या एररचा ओळ क्रमांक देते. शब्दापुढचा कोलन विसरू नका, नाहीतर एरर.सी नावाच्या निरुपद्रवी फाइलीही सापडत राहतील. काहीच सापडलं नाही तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, ‘किल्ड’ आणि मेकऐवजी निंजा हे साधन वापरत असाल तर ‘फेल्ड:’ हे शब्द शोधा.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना गोत्यात आणते. पाइप लावल्यावर शेलला जो निकाल कळतो तो (मजकूर फाइलीत उतरवणाऱ्या) टीचा असतो, मेकचा नाही. त्यामुळे पुढे ‘&& मेक इन्स्टॉल’ जोडलेलं असेल तर बिल्ड पडूनही इन्स्टॉल सुरू होतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहिलं की हे टळतं.

एरर सापडली की बिल्ड पुन्हा -जे१ ने चालवा. झालेलं काम पुन्हा होत नाही, थेट अडलेल्या जागी गाडी येते. तिथे पूर्ण कमांड बघायची असेल तर ऑटोटूल्सच्या (कॉन्फिगर स्क्रिप्ट असलेल्या) प्रकल्पात आणि कर्नलमध्ये व्ही=१ (मोठा व्ही), सीमेकने (मेक किंवा निंजासाठी बिल्डच्या फाइली तयार करणारं साधन) बनवलेल्या मेकफाइलला व्हर्बोज=१, आणि निंजाला -व्ही द्या. ती एकच लांबलचक कमांड उचला आणि एकटी चालवून बघा. तिच्या शेवटी -एच (मोठा एच) जोडलं तर जीसीसी हा कंपायलर प्रत्येक हेडर (घोषणांची .एच फाइल) कोणत्या फोल्डरमधून घेतला ते छापतं. चुकीच्या जागचा हेडर उचलला जात असेल तर तो इथे रंगेहाथ सापडतो.

-जे१ ने बिल्ड मुकाट्याने पुढे गेला तर दोन शक्यता. एक म्हणजे मेमरी कमी पडत होती. दुसरी म्हणजे प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये एखादं अवलंबित्व लिहायचं राहिलंय: बिल्डमध्येच तयार होणारा हेडर तयार व्हायच्या आधीच कुणीतरी तो मागतं. २०२२ मध्ये आलेल्या ग्नू मेक ४.४ मध्ये --शफल हा पर्याय आहे; तो कामांचा क्रम मुद्दाम बदलतो आणि अशी शर्यत उघडी पाडतो.

मेमरी

आठ जीबीच्या लॅपटॉपवर सर्वाधिक बिल्ड याच कारणाने पडतात, आणि मेसेज बघून ते लक्षात येत नाही. ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ असं दिसलं तर कंपायलरमध्ये बिघाड नाही. रॅम संपली म्हणून कर्नलने त्याला मारलं. ‘जर्नलसीटीएल -के’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ ही ओळ दिसली की खात्री पटली. उबुंटू २२.०४ पासून डेस्कटॉपवर सिस्टमडी-ऊमडी नावाची सेवाही चालू असते. ती कधी कधी अख्खी टर्मिनलची खिडकीच बंद करते, मग लॉगशिवाय हाती काही उरत नाही. खिडकी आपोआप गायब झाली असेल तर ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टमडी-ऊमडी’ बघा.

हिशोब असा ठेवा. सी++ च्या जड फाइलीला दर कामामागे दोन जीबी धरा. ब्राउझर आणि एडिटर उघडे असताना आठ जीबीतले पाच मोकळे असतील तर -जे२, फार तर -जे३. कर्नल किंवा पोस्टग्रेससारखा शुद्ध सी प्रकल्प दर कामाला काहीशे एमबीत भागवतो, तिथे -जे८ सहज चालतं. नुसतं -जे, पुढे आकडा न देता, कधीच लिहू नका. मेक मग कामांना मर्यादाच ठेवत नाही. निंजा तर न सांगताच कोअरच्या संख्येपेक्षा दोन जास्त कामं सुरू करतो, म्हणजे सोळा थ्रेडच्या लॅपटॉपवर अठरा. तिथे -जे आठवणीने द्या.

कंपाइल सुरळीत होऊन ९५ टक्क्यांवर बिल्ड पडला तर संशय लिंकिंगवर घ्या. एलएलव्हीएमच्या डीबग बिल्डमध्ये एकेक लिंक कित्येक जीबी खाते आणि अशा बऱ्याच लिंक शेवटी एकत्र येतात. त्यासाठी सीमेकला हे द्या:

-डीसीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज
-डीएलएलव्हीएम_टार्गेट्स_टू_बिल्ड=एक्स८६
-डीएलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स=१
-डीएलएलव्हीएम_यूज_लिंकर=एलएलडी

शेवटच्या ओळीसाठी एलएलडी हा लिंकर आधी इन्स्टॉल केलेला हवा. लिंकची मर्यादा फक्त निंजासोबत लागू होते, साध्या मेकसोबत नाही. टार्गेट दिलं नाही तर एलएलव्हीएम त्याला माहीत असलेल्या सगळ्या प्रोसेसरांसाठी कोड बांधत बसतं. आपल्याला त्यातला बहुधा एकच लागतो. डीबगची माहिती हवीच असेल तर एलएलव्हीएम_यूज_स्प्लिट_ड्वार्फ चालू करा, लिंकरवरचा भार बराच उतरतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर आठ जीबीचा जादा स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा): सुडो फॅलोकेट -एल ८जी /स्वॅप२, मग सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप आणि स्वॅपऑन. एखादी जड लिंक यावर तरून जाते. आठ कामं मात्र स्वॅपवर चालवू नका. मशीन इतकं मंद होतं की माउसही हलत नाही.

कॉन्फिगर

‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच: नो सच फाइल’ असं आलं तर लायब्ररी आहे पण तिचे हेडर नाहीत. उबुंटूत ते -डेव्ह नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, फेडोरात -डेव्हेल. नेमकं कोणतं पॅकेज हे अंदाजाने शोधू नका. ‘एपीटी-फाइल सर्च ओपनएसएसएल/एसएसएल.एच’ ते नाव देतं. त्याहून सोपं म्हणजे ‘सुडो एपीटी बिल्ड-डेप क्यूईएमयू’. याने उबुंटूच्या आवृत्तीला लागणारी सगळी पॅकेजं एकदम येतात. त्याआधी डेब-एसआरसी चालू करावं लागतं: उबुंटू २४.०४ मध्ये उबुंटू.सोर्सेस या फाइलीत ‘टाइप्स: डेब’ आहे तिथे ‘डेब डेब-एसआरसी’ करा आणि एपीटी अपडेट चालवा. तुमचा सोर्स उबुंटूच्या आवृत्तीपेक्षा नवा असेल तर एखाददुसरं पॅकेज हाताने घालावं लागेल, पण तीस-चाळीस वेळा अडणं वाचतं.

कॉन्फिगरचं खरं कारण कॉन्फिग.लॉगमध्ये असतं, पण त्याच्या शेवटी शेकडो ओळी व्हेरिएबल्सच्या असतात. शेवटी जाऊन ‘कॉन्फिगर: एरर’ मागच्या दिशेने शोधा आणि त्याच्या लगेच वरचा कंपायलरचा मेसेज वाचा. सीमेकमध्ये ३.२६ पासून हीच माहिती सीमेककॉन्फिगरलॉग.वायएएमएल मध्ये आहे; त्याआधी सीमेकएरर.लॉग होती.

पॅकेज घातल्यावरही सीमेक तेच रडगाणं गात असेल तर जुनं उत्तर त्याने सीमेककॅश.टीएक्सटी मध्ये लिहून ठेवलंय. ‘सीमेक --फ्रेश’ चालवा (३.२४ पासून) किंवा बिल्डचं फोल्डर काढून टाका. यासाठीच बिल्ड नेहमी सोर्सबाहेरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये करावा. सोर्समध्येच केला असेल तर ‘गिट क्लीन -एक्सडीएफ’ साफसफाई करतं, पण ते तुमच्या कमिट न केलेल्या नव्या फाइलीही कायमच्या पुसतं. आधी -एक्सडीएन देऊन काय काय जाणार ती यादी वाचा.

डेटा सायन्सचा कोर्स केलेल्यांच्या मशीनवर आणखी एक भानगड हमखास सापडते: ॲनाकोंडा. त्याचं फोल्डर पाथमध्ये सगळ्यांत पुढे असतं, त्यामुळे पायथॉन आणि बऱ्याचदा पीकेजी-कॉन्फिग किंवा सीमेकही त्याचेच उचलले जातात. हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या, असा संकर झाला की एरर कुठेही फुटते. ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ करा, ‘व्हिच -ए पीकेजी-कॉन्फिग’ बघा, एलडी_लायब्ररी_पाथ आणि सीपाथ रिकामे आहेत याची खात्री करा आणि मग नव्या फोल्डरमध्ये सुरुवातीपासून कॉन्फिगर करा. फोल्डरच्या नावात जागा सोडलेली नको, मेकला ती झेपत नाही.

जुना सोर्स, नवा कंपायलर

दोन वर्षांपूर्वी बिल्ड होणारा सोर्स आज होत नसेल तर तुमच्या हातून काही चुकलंय असं समजू नका. साधनं बदलतात, आणि कोणत्या आवृत्तीत काय बदललं ते माहीत असलं की मेसेज बघताच कारण कळतं.

‘मल्टिपल डेफिनिशन’ जागोजागी दिसत असेल तर ते २०२० च्या जीसीसी १० पासून. हेडरमध्ये एक्स्टर्न न लिहिता घोषित केलेली व्हेरिएबल्स त्याआधी खपवून घेतली जात. तात्पुरता उपाय -एफकॉमन. सी++ मध्ये ‘यूइंट३२_टी’ ओळखीचा नाही अशी तक्रार आली तर ते २०२३ च्या जीसीसी १३ मुळे. इतर हेडरांतून आपोआप मिळणारा सीएसटीडीइंट आता मिळत नाही, त्या फाइलीत इन्क्लूडची एक ओळ घातली की झालं.

२०२४ च्या जीसीसी १४ ने सीमधल्या काही जुन्या वॉर्निंगांच्या एरर केल्या. घोषणा न करता फंक्शन वापरणं ही त्यातली मुख्य. -एफपर्मिसिव्ह देऊन ती गप्प करता येते, पण आम्ही ते शक्यतो करू नका असंच सांगू. घोषणा नसेल तर कंपायलर फंक्शन इंट परत करतं असं धरतो, आणि ते खरं तर पॉइंटर परत करत असेल तर ६४ बिटच्या मशीनवर अर्धा पत्ता कापला जातो. प्रोग्रॅम बिल्ड होतो आणि चालताना कोसळतो. योग्य हेडर घाला किंवा प्रकल्पाची नवी आवृत्ती घ्या. याच बदलाचा छुपा परिणाम जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टांवर होतो: त्यांच्या छोट्या चाचण्यांतही घोषणा नसतात, त्यामुळे चाचणी पडते, स्क्रिप्ट ‘नो’ छापून पुढे जाते आणि असलेली सोय नाही असं समजून बिल्ड भलत्याच ठिकाणी अडतो. मशीनवर असलेल्या साध्या फंक्शनपुढे ‘नो’ दिसलं तर कॉन्फिग.लॉग उघडाच.

२०२५ च्या जीसीसी १५ ने सीचं डिफॉल्ट मानक ग्नू२३ केलं. बूल हा आता राखीव शब्द आहे, आणि रिकामा कंस म्हणजे ‘आर्ग्युमेंट नाहीत’. जुन्या कोडला -एसटीडी=ग्नू१७ द्या. मात्र सीफ्लॅग्ज स्वतः दिलं की कॉन्फिगरचं मूळ ‘-जी -ओ२’ निघून जातं. ते सोबत लिहा, नाहीतर प्रोग्रॅम विनाकारण संथ होतो.

त्याच वर्षीच्या सीमेक ४.० ने ३.५ पूर्वीच्या नियमांची साथ सोडली. मेसेज स्पष्ट असतो; तात्पुरतं -डीसीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५ देऊन पुढे जाता येतं. ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’ आलं तर पायथॉन ३.१२ ने ते काढून टाकलंय, सेटअपटूल्स घाला. आणि प्रकल्पाने -डब्ल्यूएरर लावला असेल तर नव्या कंपायलरची प्रत्येक नवी वॉर्निंग बिल्ड पाडते. क्यूईएमयू किंवा जीडीबीला --डिसेबल-डब्ल्यूएरर द्या. प्रकल्पात कोड पाठवणार नसाल तर तो बंद ठेवण्यात काही गैर नाही.

लिंकर

‘कॅनॉट फाइंड -एलझेड’ म्हणजे पुन्हा -डेव्ह पॅकेज. लिबझेड.एसओ.१ मशीनवर असते, पण लिंकरला लागणारी आकड्याविना लिबझेड.एसओ ही लिंक -डेव्ह पॅकेजातच येते. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ला आधी क्रम तपासा: जी फाइल लायब्ररी वापरते ती आधी, लायब्ररी नंतर. नावात सीएक्सएक्स११ दिसलं तर एक बाजू २०१५ च्या जीसीसी ५ नंतरच्या स्ट्रिंगने आणि दुसरी जुन्या पद्धतीने बांधलेली आहे; दोन्ही एकाच कंपायलरने पुन्हा बांधा. ‘रीकंपाइल विथ -एफपीआयसी’ असं सांगितलं तर ज्या स्टॅटिक लायब्ररीचं नाव त्या ओळीत आहे तीच पुन्हा बांधायची असते, तुमचा प्रकल्प नव्हे.

गिट पुल केल्यावर लगेच लिंकच्या एरर आल्या तर पहिल्यांदा ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’ (सबमॉड्यूल म्हणजे प्रकल्पात जोडलेले दुसरे गिट प्रकल्प). निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

घड्याळ आणि वीज

लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हा भाग नीट वाचा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स तीच वेळ यूटीसी समजतं. नेट नसेल तर लिनक्सचं घड्याळ साडेपाच तास पुढे जातं आणि त्या वेळात बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलींवर भविष्यातली वेळ पडते. मग घड्याळ दुरुस्त झालं की तुम्ही सोर्स बदलता, मेक चालवता, आणि ऑब्जेक्ट ‘नवी’ दिसत असल्याने मेक काहीच करत नाही. ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ ही वॉर्निंग दिसली किंवा लिनक्सहून परतल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर हेच झालंय. विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशनखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल ही डीवर्ड किंमत १ करा, लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल बघून वेळ बरोबर असल्याची खात्री करा आणि बिल्डचं फोल्डर काढून नव्याने सुरू करा.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी अनेक भागांत वीज बंद असते. लॅबमधल्या किंवा घरच्या डेस्कटॉपवर बुधवारी रात्री लांबलचक बिल्ड लावून झोपू नका. यूपीएस दहा-पंधरा मिनिटंच पुरतो. मध्येच वीज गेली तर शेवटच्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटच्या राहतात. मेकला त्या तयार वाटतात आणि तासाभराने लिंकर ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणतो. सगळं पुसायची गरज नाही:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइज ० -डिलीट

.ए फाइलींसाठीही हेच करा आणि बिल्ड पुन्हा चालवा. निंजा ‘प्रीमॅच्युअर एंड ऑफ फाइल, रिकव्हरिंग’ म्हणाला तर काळजी नको, तो स्वतःची नोंदवही सावरतो. आधीपासून सीकॅश (कंपाइल झालेल्या फाइली साठवून ठेवणारं साधन) लावून ठेवला (सीकॅश -एम २०जी, यात मोठा एम; इतकी जागा पुरते) तर नव्याने केलेला बिल्डही बराच लवकर होतो. दूरच्या सर्व्हरवर बिल्ड करत असाल तर टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारं साधन) सुरू करा, म्हणजे वाय-फाय तुटलं तरी काम चालू राहतं.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. बिल्ड रेंगाळतो, पण त्यामुळे पडायला नको. कंपायलर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ देऊन कोसळत असेल तर तो दर वेळी त्याच फाइलीवर कोसळतो का ते बघा. त्याच फाइलीवर असेल तर कंपायलरचा दोष, दुसरी आवृत्ती वापरा. दर वेळी वेगळ्या फाइलीवर असेल तर रॅमवर संशय घ्या. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन नवी पट्टी घेण्याआधी रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा. कधी कधी पट्टी काढून पुन्हा नीट बसवली तरी पुरतं.

काही ठरावीक अडथळे

उबुंटूचं कॉन्फिग घेऊन कर्नल बांधताना ‘कॅनॉनिकल-सर्ट्‌स.पेम’ नाही म्हणून अडलं तर स्क्रिप्ट्स/कॉन्फिग वापरून सिस्टम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टम_रिव्होकेशन_कीज बंद करा. शेवटी बीटीएफ आणि पाहोलचं नाव आलं तर ड्वार्व्ह्ज पॅकेज घाला.

डब्ल्यूएसएलमध्ये सोर्स /एमएनटी/सी खाली ठेवू नका, तिथे फाइली उघडायलाच अनेक पट वेळ जातो. लिनक्सच्या होममध्ये क्लोन करा. ‘बॅड इंटरप्रिटर’ आणि ^एम दिसलं तर विंडोजच्या गिटने ओळींचे शेवट बदलले आहेत, लिनक्सच्या गिटने पुन्हा क्लोन करा. डब्ल्यूएसएल२ ला मुळात अर्धीच रॅम मिळते हेही मेमरीच्या हिशोबात धरा.

कॉलेजच्या नेटवर मोठा क्लोन मध्येच तुटला तर गिट तिथून पुढे सुरू करत नाही. --डेप्थ १ ने छोटा क्लोन घ्या, नंतर फेच --अनशॅलो. अशा उथळ क्लोनमध्ये टॅग नसतात, म्हणून ‘गिट डिस्क्राइब’वरून आवृत्ती ठरवणारे प्रकल्प अडतात, तिथे सरळ रिलीजचा टार घ्या. सबमॉड्यूलचा पत्ता गिट:// ने सुरू होत असेल तर तो कॉलेजच्या फायरवॉलवर बहुधा अडतो आणि गिटहबने तो २०२२ मध्येच बंद केलाय. गिटच्या इन्स्टेडऑफ सेटिंगने एचटीटीपीएसकडे वळवा.

बिल्ड सुडोने कधीच करू नका. रूटच्या मालकीच्या फाइली मागे राहतात आणि पुढच्या वेळी ‘परमिशन डिनाइड’ येतं. --प्रीफिक्स (इन्स्टॉल कुठे करायचं ती जागा) होममधल्या फोल्डरचा द्या, म्हणजे इन्स्टॉललाही सुडो लागत नाही आणि काढायचं झालं तर ते एक फोल्डर पुसलं की झालं.

हे सगळं करूनही अडलंच तर मेन शाखेऐवजी शेवटचा रिलीज टॅग बिल्ड करून बघा. टॅग होतो आणि मेन होत नाही असं असेल तर दोष प्रकल्पात आहे, आणि ‘गिट बायसेक्ट रन’ (जुने कमिट निम्मे-निम्मे करून तपासणारी कमांड) तो नेमक्या कमिटपर्यंत पोचवतं. प्रकल्पाला कळवताना स्क्रीनचा फोटो पाठवू नका. कमिटचा हॅश, /ईटीसी/ओएस-रिलीज, कंपायलर आणि सीमेकच्या आवृत्त्या, कॉन्फिगरची संपूर्ण कमांड, पहिली एरर व तिच्या वरच्या वीस ओळी मजकूर म्हणून द्या, आणि रिकाम्या फोल्डरमध्ये -जे१ ने तीच एरर येते का हे लिहा.